जरा गार लागेल हं

मंगळवार होता, फक्त जळणारा कचरा टाकायचा दिवस. पिशवी घेऊन मी खाली उतरले आणि सवयीने दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे उभं राहून "अगं, त्यात बाटली दिसतेय मला" असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचा मान जपानमधल्या निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत एकट्या कुंदाताईंचा. बाल्कनी रिकामी होती. तेवढ्यात त्यांच्या यजमानांचा, श्रीधरदादांचा फोन आला. "कुंदा गेली गं... पहाटे, झोपेतच." मी कचऱ्याची पिशवी हातात तशीच घेऊन वर आले. ताईंनी पाहिलं असतं तर आधी त्यावरूनच बोलल्या असत्या.

महिना उलटून गेला, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलं की रडू येण्याआधी हसूच येतं. ताई मूळच्या पुण्याच्या, तिथल्या एका इस्पितळात नर्स होत्या. दादांच्या नोकरीमुळे इथे आल्या, जपानी शिकल्या, इथली नर्सिंगची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून दिली आणि सायकलवरून घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा सांभाळायचं वेगळं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं होतं. "माझे सगळे पेशंट ऐंशीच्या पुढचे. त्यांच्यात मी नवी सून दिसते," असं त्या ऐटीत सांगायच्या.

माझी लेक ईरा तान्ही असल्यापासून गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घेते. ही नळी अधूनमधून बदलावी लागते, आणि तेव्हा त्यासाठी इस्पितळात जावं लागे. स्टेशन दिसलं की ईरा अंग ताठ करायची. तिथली माणसं प्रेमळ होती, पण शेवटी दोघातिघांनी तिला धरूनच ठेवावं लागायचं, आणि मी भिंतीकडे बघत उभी राहायचे. एकदा ताई सोबत आल्या. परतीच्या गाडीतून उतरताना म्हणाल्या, "हे घरी करता येईल. डॉक्टरांच्या सूचनेनुसार नर्स करू शकते, फक्त तेवढं शिक्षण घेतलेलं हवं. मी घेते."

"अहो ताई, पण तुम्ही तर म्हाताऱ्यांच्या..."

"मग आता थोडं लहान व्हायचं," त्या म्हणाल्या आणि तिकिटाच्या फाटकातून पुढे गेल्यासुद्धा.

पन्नाशी उलटलेल्या बाईने पुन्हा विद्यार्थी होणं म्हणजे काय ते आम्ही जवळून पाहिलं. फोडणीच्या डब्यावर शरीरशास्त्रातले जपानी शब्द चिकटवलेले, दादा जिरे शोधताना श्वासनलिका वाचून दाखवायचे. सरावासाठी ईराने आपली लाडकी बाहुली दिली आणि ताईंनी तिच्या गळ्याला रीतसर भोक पाडलं. त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आधी हात चोळून ऊब आणायची, मग म्हणायचं, "बाळा, जरा गार लागेल हं." आणि बाळ "लागू दे" म्हणेपर्यंत नळीला बोट लावायचं नाही. बाहुलीच्या वतीने उत्तर द्यायचं काम ईराचं. आम्ही मराठीत विचारलं तरी जपानीत बोलणारी ही मुलगी, ज्याच्यामुळे तिला आवाज फुटतो ते बोलायचं झाकण नळीवर लावून, "लागू दे" मात्र ठसक्यात मराठीत म्हणायची.

प्रात्यक्षिक परीक्षेत इथे रोगी म्हणून ठेवलेल्या पुतळ्याशीही जिवंत रोग्यासारखं बोलावं लागतं. ताईंनी त्याला वाकून नमस्कार केला, हात चोळले आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बाळा, जरा गार लागेल हं." एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. परीक्षकही उभे. शेवटी एका परीक्षकबाईंनी विचारलं, "आता कशासाठी थांबला आहात?" ताईंनी खरं ते सांगितलं, की रोग्याने अजून परवानगी दिलेली नाही.

घरी येऊन म्हणाल्या, "गेलं सगळं. पुतळ्याने दगा दिला गं." पण त्या पास झाल्या. आम्ही त्या दिवशी श्रीखंड केलं, आणि पहिला घास ताईंनी बाहुलीला लावला.

पुढे ईराची नळी आमच्याच बैठकीत, खिडकीपाशी बदलली जाऊ लागली. कुणाला तिला धरावं लागलं नाही. ताईंकडे आणखी मुलं आली. सायकलच्या टोपलीत बेडकाच्या तोंडाचे हातमोजे आले. माझी लेक हसत हसत गळा पुढे करते, हे सुख मला ताईंनी दिलं, आणि त्याचे आभार मानायला गेले की त्या विषय कचऱ्यावर न्यायच्या.

त्या गेल्या आणि ईराने ते बोलायचं झाकण लावायचंच सोडलं. नळी बदलायची वेळ जवळ आली तशी मला धास्ती वाटू लागली... पुन्हा ते इस्पितळ, पुन्हा ते धरणं. ताईंच्या हाताखाली शिकलेली नर्स मोरी-सान परवा आली. ईरा बाहुलीला कवटाळून खिडकीपाशी ताठ बसली होती. मी झाकण पुढे केलं, तिने मान फिरवली. मोरी-सान गुडघे टेकून बसली, बराच वेळ हात चोळले, आणि मराठीतलं एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाली, "बाळा, जरा गार लागेल हं."

मग हात मांडीवर ठेवून ती थांबून राहिली, अगदी ताईंसारखी. ईराने तिच्याकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं. माझ्या हातातलं झाकण घेऊन स्वतःच लावलं.

"लागू दे," ती म्हणाली.