दुसरी स्क्रीन कशाला?

मंडळी, आज नवऱ्याबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले होते. हिंजवडीतली नोकरी गेल्यापासून घरी बसून ट्रेडिंग करायचं त्याने डोक्यात घेतलंय. फालतू खर्च करू द्यायचा नाही, असं ठरवूनच मी निघाले होते.

त्याने दोन स्क्रीन मागितल्यावर दुकानदारही म्हणाला, "अहो, आधी शिका तरी. नवशिक्याला एक स्क्रीन पुरते."

नवरा म्हणाला, "नाही, दोन हव्यात. डावीकडची उभी लावायची. आणि कीबोर्ड आवाज न करणारा द्या, शेजारी बसणाऱ्यांना त्रास नको."

शेजारी बसणारे? घरात आम्ही दोघंच!

मग लक्षात आलं. हा ऑफिसातलं आपलं टेबल मागत होता.

भांडायला गेलेली मीच म्हणाले, "दोन द्या."

ट्रेडिंगचं पुढे बघू. घरी आल्याआल्या त्याने कितीतरी दिवसांनी दाढी केली. माझ्या जागी तुम्ही असता, तर एकीवर भागवलं असतं?