पद्माकरने भरलेला पसंतीक्रम

पद्माकर घरात कोणाचंच ऐकत नसे आणि यालाच तो घर चालवणं म्हणे. पुण्याहून सिंगापूरला आला, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मॅनेजर झाला, जुरोंग ईस्टला खाजगी सोसायटीत फ्लॅट घेतला. तेवढ्यावर जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची खात्री झाली. सूचना वाचणारा माणूस त्याच्या मते बावळट. घरात तिघांचा पासवर्ड एकच, आणि तोही त्याची जन्मतारीख.

मुलगी विभा डॉक्टर होऊन हॉस्पिटलात राबत होती. २०१४ साली रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या पुढच्या शिक्षणासाठी, तिच्या तीन मुलाखती झाल्या: सर्जरी, मेडिसिन आणि मानसोपचार. आता पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि त्यावर तिचं पुढचं आयुष्य ठरायचं. विभाला मानसोपचारच हवं होतं. त्या मुलाखतीत तिचं बोलणं कोणीतरी मध्येच न तोडता ऐकून घेतलं होतं. घरी हे सुख तिने कधी पाहिलं नव्हतं.

"वेड्यांची डॉक्टर? लोकांना काय सांगू मी?" पद्माकर म्हणाला. त्याला सर्जन हवा होता. दोन आठवडे रोज जेवताना तेच भांडण. त्याची बायको सुरेखा एकदा मुलीच्या बाजूने बोलली, तर त्याने तिला आमटीतलं मीठ बघायला सांगितलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी विभा ड्यूटीवर होती; घरी येऊन भरते म्हणाली होती. पद्माकरने दुपारीच तिचं खातं उघडलं. ऑफिसात कंत्राटदार निवडताना तो प्रत्येकाला गुण देई आणि जास्त गुणवाल्याला काम मिळे. इथेही त्याने तसंच केलं. सर्जरीपुढे तीन, मेडिसिनपुढे दोन, मानसोपचारापुढे एक. मग सबमिट. त्यानंतर बदल करता येत नाही, एवढी एकच ओळ त्याने नीट वाचली होती.

संध्याकाळी विभा आल्यावर त्याने निर्लज्जपणे सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने लॅपटॉप उघडला, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

"हे आकडे तुम्हीच भरलेत?"

"मीच. उद्या आभार मानशील."

ती आंघोळीला गेली. पोरगी वठणीवर आली, असं त्याने सुरेखाला ऐकवलं. मित्रांमध्येही सर्जनचा बाप म्हणून मिरवायला लागला. विभा त्याच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

निकाल आला. मानसोपचार. पद्माकर खवळला. सिस्टिम गंडली आहे, आत्ताच्या आत्ता तक्रार कर, म्हणाला.

"सिस्टिम ठीक आहे, बाबा," विभा म्हणाली. "सगळ्यात जे आवडतं त्याला एक हा आकडा द्यायचा. पहिल्याच पानावर लिहिलंय. मी भरली असती तीच यादी तुम्ही भरलीत."

पद्माकरने पोर्टलचं पहिलं पान उघडून वाचलं. सुरेखा हसली, आणि त्याच्या तोंडावर हसली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्याने विभाला विचारलं.

"तुम्ही मला विचारलं होतंत?" तिने बॅग उचलली. तोआ पायोहला एका मैत्रिणीबरोबर तिने खोली घेतली होती. "यादी बरोबर निघाली म्हणून मी इथे थांबेन असं समजू नका. ती उलटी असती, तर माझा जन्म फुकट गेला असता."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सवयीने त्याने तिचं खातं उघडायला घेतलं. स्वतःची जन्मतारीख तीनदा टाकून पाहिली, तिन्ही वेळा चूक निघाली.