सीक्रेट, प्रायव्हेट आणि शकूताई

"मावशी सकाळी गेली, मॅडम. दीड वर्षापासून कॅन्सर होता तिले," शकूताईंची भाची रेखा अकोल्याहून फोनवर एका दमात म्हणाली. पहिलं वाक्य कळलं. अडकले ती दुसऱ्यात. दीड वर्ष? आणि मला, त्यांच्या तीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला, पत्ताच नाही? दुःखाच्याही आधी मनात आलं ते हेच, हे आता सहा आठवड्यांनी कबूल करायला हरकत नाही.

शकुंतला इंगळे अमरावतीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि मी मराठी. वयानं त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या मात्र शेजारी. एकाच अर्थाचे वाटणारे शब्द घेऊन ते एकमेकांपासून सोडवत बसायचं, हा त्यांचा छंद. लपवण्याचे इंग्रजी शब्द तर त्यांच्या विशेष लाडके. "पाहा ना, सीक्रेट हा शब्द मुळात लॅटिनमधला. अर्थ काय, तर वेगळं काढून ठेवलेलं. कॉन्फिडेन्शियलच्या पोटात विश्वास आहे. क्लँडेस्टाइनमध्ये काहीतरी वाईट शिजून राहिलं आहे. अन् डिस्क्रीट माणूस लपवत काही नाई, फक्त बोभाटा करत नाई." मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "तुमच्या मराठीत काय आहे?" मी सांगितलं, गुप्त आणि गोपनीय यांच्या मुळाशी राखण करणं आहे. त्या इतक्या हरखल्या की तास सुरू झाल्याची घंटा होऊनही उठेनात. "म्हणजे ते वेगळं काढतात अन् आपण राखतो!" सेक्रेटरी म्हणजे मुळात गुपितं सांभाळणारा, हे कळल्यावर तर आमच्या संस्थेच्या सचिवांना पाहिलं की त्यांना हसू आवरायचं नाही. सचिवांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत शिपायालाही माहीत व्हायची.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, हे मला एका वर्षी कळलं. त्यांनी नववीला 'माय सीक्रेट' असा निबंध दिला होता. मुलींनी चोरून खाल्लेल्या चिंचा लिहिल्या, भावाची फोडलेली दौत लिहिली. तिवशाकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं मात्र चारच ओळी लिहिल्या. परीक्षा झाली की तिचं लग्न लावणार होते, तिला ते नको होतं, आणि शेवटी, 'टीचर, प्लीज कीप इट सीक्रेट.' शकूताईंनी वही माझ्यापुढे धरली, पण नावावर तळहात ठेवून. मी म्हटलं, "यात विचार कसला करता? आत्ताच्या आत्ता मोठ्या बाईंना सांगा."

"तिनं सीक्रेट लिहिलं आहे. तिले न विचारता मी कशी सांगू?"

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर सांगाच लागंल. पण तिच्या माघारी नाई, तिले सांगून."

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला पायरीवर बसवून दोन्ही शब्द समजावले. सीक्रेट कोणालाच सांगायचं नाही. कॉन्फिडेन्शियल ज्याच्या हातात काही करणं आहे, त्यालाच सांगायचं. "यातला कोणता शब्द पायजे तुले? उद्या सांग." ती रात्र शकूताईंनी कशी काढली कोण जाणे, सकाळी डोळे सुजलेले होते... दुसऱ्या दिवशी वही आली. 'सीक्रेट' खोडलेलं होतं आणि वर पेन्सिलीनं 'कॉन्फिडेन्शियल'. स्पेलिंग चुकलं होतं. शकूताईंनी ते सुधारलं नाही. तासाभरात मोठ्या बाईंना सांगितलं, रविवारी दोघी त्या खेड्यात गेल्या. बापानं उंबऱ्यातूनच परत पाठवलं. पुढच्या रविवारी त्या मुलीच्या मामाला घेऊन पुन्हा गेल्या, कायद्याचं नावही काढलं, तेव्हा कुठे लग्न मोडलं. मुलगी शिकली, नोकरीला लागली. तिचं नाव मला पुढे कळलं, पण इथे लिहिणार नाही.

मग इतक्या विचाराच्या बाईनं स्वतःचं आजारपण माझ्यापासून का लपवावं? त्या गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी अकोल्याला रेखासमोर बसून तेच विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, ती तिला कळली असणार.

"मी पण तिले म्हटलं होतं, मॅडम. कावून लपवून राहिली तू त्यांच्यापासून? तर हसली. म्हणे, हे सीक्रेट नाई, प्रायव्हेट आहे."

"त्यात काय फरक?"

"म्हणे, सीक्रेट कोणी विचारलं तर खोटं बोला लागते. प्रायव्हेटचं तसं नाई. कोणी विचारलं तर मी सांगून देईन. न विचारता कायले सांगू? मग लोक आजाराले भेटाले येतात, मले कोणीच भेटत नाई."

मग रेखानं सहज विचारलं, "दवाखान्यातून ती तुमच्याकडेच येत होती ना? मले वाटलं, तुमाले अंदाज असंल."

"कोणता दवाखाना?"

"अमरावतीचाच तर होता..."

निवृत्त होऊन अकोल्याला रेखाकडे राहायला गेलेल्या शकूताई दर महिन्याला एका मंगळवारी दुपारी माझ्या दारात उभ्या असायच्या. "काम होतं इकडे," म्हणायच्या. मी चहा टाकायची. त्या नेहमी भिंतीकडच्या खुर्चीत, डोकं मागे टेकून बसायच्या. मला वाटायचं, प्रवासाचा शीण. मग मी सांगत सुटायची... माझे गुडघे, सुनेची बदली, नळाचं पाणी. त्या मधूनच एखादा शब्द पकडून त्याचं मूळ विचारायच्या. पाच वाजले की मी त्यांना बसस्टँडवर सोडायची. शेवटच्या मंगळवारी त्यांनी बसची पायरी चढताना माझा हात धरला होता, आणि मग खिडकीतूनही बस हलेपर्यंत सोडला नव्हता.

ती खुर्ची अजून तिथेच, भिंतीला लागून आहे. परवा त्या खुर्चीत शेजारच्या बाई येऊन बसल्या. "इकडे काम होतं जरा," म्हणाल्या. मी गॅस बंद केला, त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "कसलं काम?"