पेटीवरची कणसं

सुट्टीच्या दिवशी खोलीवर मन लागेना म्हणून मी इथलं एक जुनं चिनी गाव बघायला गेलो. लोक तिकीट काढून येतात आणि राहत्या घरांत डोकावतात. एका आजीनं मात्र मला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं, गरम पाणी दिलं. परक्या मुलखात एवढंही कुणी करत नाही.

समोर काळी, चकचकीत शवपेटी होती आणि तिच्यावर मक्याची कणसं वाळत घातलेली. मी दचकलो.

"घाबरतोस काय? रिकामी आहे अजून!" आजी हसली. "माझीच आहे. मुलानं करून दिली. दर वर्षी येऊन रंगाचा हात मारून जातो."

माझी शाळा सातवीतच सुटली. चिनी भाषा आली ती इथल्या हॉटेलच्या भटारखान्यात कामाला लागल्यावर, कानावर पडून पडून. आमच्याकडे मरणाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. इथं त्याला घरात जागा आहे, आणि म्हातारी निवांत. तिकडे गावी माझी आई तीन दिवसांपासून दवाखान्यात बेशुद्ध पडलीय, आणि हॉटेलचा मालक मला अजून महिनाभर तरी घरी सोडायला तयार नाही.

"तुझ्या आईची झाली का तयारी?" आजीनं पेटीकडे बोट दाखवत विचारलं.

"नाही अजून."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "होईल रे. मुलगा जवळ असला की सगळं वेळेवर होतं."