फणसाच्या पाटाची डावी फळी

लाटेवर घसरायला मी घरच्या घरी एक लाकडी फळी बनवली आणि ती डाव्या हाताची झाली. घरात डावखुरं कोणी नाही. जवळपास समुद्रही नाही. आम्ही लखनौला, तेलीबागेत राहतो.

ही फळी साधारण चपलेएवढी असते. तळहाताला पट्ट्याने बांधायची, हात पुढे ताणायचा आणि लाट आली की तिच्यावर पोट टेकून किनारा गाठायचा. रुहीने, म्हणजे माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने, हे मोबाइलवर पाहिलं आणि मला आशा वाटू लागली. कारण मे महिन्यात वेंगुर्ल्याला यायला ती तयारच नव्हती.

"वहाँ करना क्या है, पापा?" (मराठी तिला सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं.)

वेंगुर्ल्याला माझे वडील, आबा, एकटे असतात. फोनवर 'या' असं कधी म्हणत नाहीत. फक्त विचारतात, "चेडवाची उंची वाढली मां?" चेडू म्हणजे रुही.

"मी तसला बोर्ड घरीच बनवला तर?"

"तो चलूँगी. नहीं बना तो मैं नागपूर, नानी के पास."

लाकूड हवं होतं हलकं, पाण्याला टिकणारं. तसं घरात एकच होतं: आबांनी दिलेला फणसाचा पाट.

"अहो, त्याच्यावर गणपती बसतो," माझी बायको सुनीता म्हणाली.

"गणपतीला अजून वेळ आहे."

"आणि मग काय, सोफ्यावर बसवू त्याला?"

मुद्दा बिनतोड होता. पण करवत तोवर अर्ध्यावर आली होती.

उकाडा असा, की मी कूलरसमोर बसून पॉलिशपेपर घासला. भुसा वाऱ्याबरोबर घरभर गेला. फणसाचा भुसा पिवळा असतो, त्यामुळे वरणात पडलेला कुणाला दिसला नाही. (जेवताना कळला.) मग लाकडाला तेल पाजलं. घरात सरसोंचं, म्हणजे मोहरीचं होतं, तेच. फळी बाल्कनीत वाळत ठेवली, तर शेजारचे मिश्राजी खालून वास घेत म्हणाले, "आम का अचार पड़ गया, भाईसाहब? एक कटोरी इधर भी."

बोटांसाठी खाचा आणि अंगठ्यासाठी खोलगट जागा मी आधीच कोरली होती. मापाला माझाच हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती.

रुहीने उजवा हात ठेवला. अंगठ्याच्या जागेत करंगळी गेली.

"पापा, ये उल्टा है."

"मग उलटून धर."

उलटल्यावर फळीचं पोट वर आलं आणि खाचा खाली गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेन्सिल उजव्या हातात होती. म्हणजे लाकडावर ठेवायला उरला तो डावा. मी रेल्वेत इंजिनिअर आहे. डावा-उजवा रूळ आजवर चुकलेला नाही.

रुही हसली असती तर बरं झालं असतं. तिने फळी हळूच टेबलावर ठेवली, आजारी माणसाच्या उशाशी फळं ठेवतात तशी. नागपूर पक्कं झालं, हे मी ओळखलं. ती येत नाही हे आबांना सांगायलाच हवं होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. पण आधी फळीच दाखवली.

आबांनी माप घ्यावं तसा आपला हात पडद्याला लावला. डावा. जेवण सोडलं तर सगळी कामं ते डाव्या हातानेच करतात. घर म्हणून मी फक्त तेलीबागेतलं मोजलं होतं.

रुही माझ्या खांद्यावरून वाकली. "आबा, आपको आता है ये?"

"येता मां. ल्हान असताना आमी पाट घेवनच लाटेर जाय होतव. अख्खो पाट. कापूक लागणा नाय."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

"तो मैं आ रही हूँ," रुही म्हणाली. "ये बोर्ड आपका. मुझे आप सिखाना. और पापा क्या करेंगे?"

"तो ल्हानपणापासून दर्याक भियाता. तेका काठार बसवया," आबा म्हणाले. "पण बसतलो कशार? पाट तर कापल्यान."