वैजूताईचा पाट

माझ्या धाकट्या काकूच्या अंगात यायचं. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला ती घुमायला लागली की बाकीच्या बायका हात जोडायच्या, आणि मी गर्दीतून हात घालून तिच्या पोटरीला चिमटा काढायचे. दरवेळी ती "आई गं" म्हणायची. त्यामुळे देव, भूत, अंगात येणं हा सगळा प्रकार मला नाटक वाटायचा, आणि खरं सांगायचं तर आजही बऱ्यापैकी वाटतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला काकूच्या शेजारी नेऊन बसवाल...

साल १९९९, गाव सुरत. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. वडील भेस्तानला लूमच्या कारखान्यात फिटर, घर डिंडोलीत दोन खोल्यांचं. मी कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचे. ऑफिस रिंग रोडजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या दोन्ही भिंतींवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि वळणावरच्या कोपऱ्यात कायम काहीतरी ओलं. त्या जिन्याची कुणाला किळस यायची नाही. यायची ती माझी.

मला सोरायसिस आहे. कातडी लाल होते, जाड होते, वर पांढरे पापुद्रे धरतात आणि गळतात. माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांत होतं. हा रोग लागत नाही... हे वाक्य मी मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत इतक्यांदा बोललेय की आता नुसता चेहरा बघून कुठल्या भाषेत बोलायचं ते कळतं. शेजारच्या टेबलवरची जिज्ञाबेन महिन्यातून एकदा तरी विचारायची, "आ चेपी तो नथी ने?" म्हणजे, हे लागत तर नाही ना? मी नाही म्हणायचे. ती हसून मान डोलवायची, आणि मी उठले की माझी खुर्ची फडक्यानं पुसून लांब सरकवायची. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला पाच वर्षं झाली होती, पण माणसापासून लांब सरकायची शहराची ती सवय गेली नव्हती, हेही खरं. तरी माझा पाण्याचा ग्लास माठापासून वेगळा, खिडकीत ठेवलेला असायचा आणि त्यात दिवसभर धूळ पडायची. मला त्या बाईच्या गोड हसण्याची जेवढी घाण वाटायची तेवढी मी अंगाला लावायचे त्या डांबराच्या मलमाच्या वासाचीही कधी वाटली नाही.

मुंबईच्या पार्टीला डिझाइनं पाठवायला म्हणून मालक मनसुखभाईंनी इंटरनेट घेतलं. त्यावर मला एक ग्रुप सापडला. जगभरचे सोरायसिसवाले. आठवडाभर एकमेकांना मेल लिहायच्या आणि रविवारी सगळ्यांनी एकदम चॅटवर यायचं. कॅनडातली ग्लोरिया नावाची म्हातारी त्यासाठी पहाटे उठायची. तिथं कुणी कुणाला "लागतं का हो?" असं विचारत नसे. पहिल्याच रविवारी मी ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून ढसाढसा रडले होते.

त्या ग्रुपात मराठी आम्ही दोघीच. दुसरी नागपूरची वैजयंती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून माझी वैजूताई. तिच्या भावाचे कॉम्प्युटर क्लासेस होते, तिथून ती यायची. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. "काऊन व सपना, जेवली का?" ही तिची रोजची सुरुवात, 'का गं'च्या जागी कायम 'काऊन व'. तिचं माझ्याहून वाईट होतं. चेहरा, कपाळ, सगळंच. आम्ही कधी भेटलो नाही, फोटोसुद्धा पाहिला नव्हता.

डिसेंबरात तिचा वाढदिवस होता. ग्रुपनं ठरवलं, रविवारी भारतातले दुपारचे चार वाजले की सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरपुढे मेणबत्ती लावायची आणि एकदम शुभेच्छा लिहायच्या. वैजूताईनं मला वेगळी मेल केली.

"मेणबत्ती नको. तू मला ओवाळ. पाट मांड, कुंकू लाव. घरी आई ओवाळते, पण कुंकू लावायची वेळ आली की हात मागे घेते. वरूनच टाकते चिमूटभर. डोळ्यांत जाते माझ्या. सात वर्षं झाली, माझ्या कपाळाला कोणाचं बोट लागलं नाही. तू लाव. तुला किळस नाही येणार."

मी लिहिलं, "मला? मला कशी येईल?"

तो रविवार. मार्केट बंद, कॉम्प्लेक्समध्ये शुकशुकाट. तरण्या मुलीनं एकटीनं जायचं नाही म्हणून दर रविवारसारखी आई बरोबर आली आणि सुटे धागे कापायला घरी आणलेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन दाराशी बसली. मी घरून पिशवीत पाट, ताम्हन, निरांजन, सुपारी, आईची अंगठी, सगळं आणलं होतं. कीबोर्ड बाजूला सरकवला, मॉनिटरच्या पुढ्यात टेबलावर पाट ठेवला, भोवती रांगोळीची एक रेघ ओढली. आईनं कात्री खाली ठेवली.

"रिकामा पाटले कोनी ओवाळस का? कोन बठेल शे तठे?"

रिकामा पाट आमच्याकडे फक्त गेलेल्यांसाठी मांडतात. मला ते माहीत होतं. मी हसून म्हटलं, "माझी मैत्रीण बसलीय. नागपूरची. कॉम्प्युटरमधून येते." आईनं परत कात्री हातात घेतली नाही.

चार वाजता चॅट उघडलं. वैजूताईचं नाव आधीच आलेलं होतं. चार दिवस तिची मेल नव्हती, म्हणून मला बरं वाटलं. ग्लोरिया, जर्मनीतला एक शिक्षक, सगळ्यांच्या शुभेच्छा भराभर पडद्यावर चढत होत्या. वैजूताई काहीच लिहीत नव्हती. मी लिहिलं, "ताई, बस पाटावर. कुंकू लावते." तिचं उत्तर आलं — "बसली."

मी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि पडद्यावर, जिथं कपाळ येईल अशा अंदाजानं, टेकवलं.

काच लागली नाही.

त्या जुन्या मॉनिटरच्या काचेला हात लावला की झिणझिणायचं, ते मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. हे कोमट होतं. जाड, खरखरीत आणि मलमानं तेलकट. माझ्या बोटाखाली एक पापुद्रा सुटला आणि सरकला... आणि त्याखाली ओलं लागलं. डांबराच्या मलमाचा भपकारा आला. मी स्वतः सकाळी लावलेल्या मलमाचा नव्हे, दहा दिवस बंद खोलीत कोंडलेल्या मलमाचा. मी हात असा झटकून मागे घेतला की निरांजन कलंडलं. बोट मी ओढणीला पुसलं. एकदा नाही, चार-पाच वेळा, खसाखसा पुसलं, जिज्ञाबेन माझी खुर्ची पुसते ना, तस्सं.

मग पडद्यावर ओळ उमटली.

"हात काऊन मागे घेतला व?"

आमच्या कॉम्प्युटरला कॅमेरा-बिमेरा काही नव्हता. ती नागपुरात, मी सुरतेत. खाली आणखी दोन शब्द आले.

"तू पण?"

आणि तिचं नाव यादीतून गेलं.

आई उठून आली. पाटाकडे बघून तिनं पदर नाकाला लावला. "हाई काय पडेल शे?" पाटावर, रांगोळीच्या रेघेच्या आत, पापुद्रे पडले होते. पसाभर. माझे नव्हते. मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता, डोक्याला ओढणी होती, आणि पाट मी दहा मिनिटांपूर्वी ओल्या फडक्यानं पुसलेला आईनं पाहिला होता. मी ते हातानं उचलले नाहीत. कागदाच्या तुकड्यानं ढकलले, संडासात टाकले, दोन बादल्या पाणी ओतलं, आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. माझ्या कोपरांवरही तेच होतं, हे मला धुताना दिसत होतं.

मंगळवारी तिच्या भावाची मेल ग्रुपला आली. ताईला कावीळ झाली होती. शुक्रवारी सकाळी ती गेली. क्लासेस गुरुवारपासून कुलूपबंद, किल्ली त्याच्याच खिशात. त्यानं लिहिलं होतं, रविवारी कुणाशी तरी ती बोलली असं तुमच्या मेलांतून दिसतंय, पण ते शक्य नाही, कृपा करून आईला काही कळवू नका. मी त्याला वेगळी मेल करून विचारलं, शेवटी कुंकू कुणी लावलं? विचारायला नको होतं. त्यानं सांगितलं की नेताना बायका कुंकू लावायला पुढे झाल्याच नाहीत. आईनं वरून टाकलं.

कुणी तिच्या नावानं चेष्टा केली, असं ग्रुपातल्या सगळ्यांनी धरलं. मीही धरून बघितलं. पण चेष्टा करणाऱ्याला "काऊन व" कुठून माहीत? आणि माझा हात कुणी बघितला? घरी आईला सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "तू नाव लिसन बलावं, ती उनी." मी नाव घेऊन बोलावलं म्हणून ती आली, असं. मग आई माझ्या बोटांकडे बघत बसली.

यातलं सगळ्यात घाणेरडं अजून सांगायचंय. ग्लोरियानं त्या दिवसाचं चॅट छापून ठेवलं होतं. तिचा विश्वास होता की ती वैजूताईच होती. तिनं मला मेल केली, वैजूताईचे शेवटचे दोन शब्द तुमच्या भाषेतले आहेत, त्यांचा अर्थ काय?

मी लिहिलं, "तुम्हा सगळ्यांचे आभार."

ग्रुपनं तिच्या आठवणीचं एक पान केलं. मधोमध ते दोन शब्द, खाली माझा अर्थ. लोक वाचून रडले. मला किती चांगली मैत्रीण म्हणाले. ते पान आता कुठं राहिलं नसेल, पण मला ते पाठ आहे.

मी सुरत सोडून बरीच वर्षं झाली. काय घडलं त्याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही, आणि कुणी शास्त्रीय कारण सांगितलं तर मी आनंदानं ऐकेन. दर डिसेंबरात तिच्या वाढदिवसाला मी दुपारी चार वाजता पाट मांडते. नाव घेते. बोट कुंकवात बुडवून पुढे करते आणि तसंच धरून ठेवते, हात भरून येईपर्यंत. यंदाही धरलं. आता मी मागे घेणार नाही, हे मला नक्की माहीत आहे.

पण बोटाला काहीच लागत नाही. आता तिलाच माझी किळस येत असणार.