टपालबाईंनी घेतलेल्या सह्या

टपालबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी कालव्याकाठच्या रस्त्यावर त्यांना अजून त्याच नावानं हाक मारायचे. छत्तीस वर्षं त्यांनी तिथं टपाल वाटलं. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या लेकीचं पत्र यायचं थांबलं, हे त्यांना पाकिटावरूनच कळायचं. पण एका दारातली गोष्ट दुसऱ्या दारात कधी गेली नाही.

शहरात जागतिक सायकल शर्यत भरणार हे जाहीर झालं, आणि बाईंनी स्वयंसेवकांत नाव घातलं. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, तासन्‌तास उभं राहणं झेपेल का. बाईंनी सांगितलं की नोकरीत त्या बसल्याच कुठं होत्या. एक माप मोठं निळं जाकीट मिळालं. परदेशी पाहुण्यांसाठी ‘उजवीकडे’, ‘पाणी’, ‘डॉक्टर’ हे शब्द तीन भाषांत घोकता घोकता त्यांनी दोनदा भाजी करपवली.

त्यांचा भाचा आयोजन समितीच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होता. बहीण गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. शर्यतीच्या दोन महिने आधी तो कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आला. कालव्याकाठी टपऱ्या चालवणाऱ्या एकतीस जणांना शर्यतीच्या दिवशी ये-जा करायला पास द्यायचे आहेत, त्यासाठी सह्या हव्यात, असं म्हणाला. बाई चष्मा शोधायला लागल्या, तर म्हणाला, वाचत बसू नकोस मावशी, सगळी कार्यालयातली भाषा आहे, डोकं दुखेल. भाच्यानं सांगितलं म्हटल्यावर बाईंनी चष्मा राहू दिला.

दोन दिवसांत त्यांनी सगळ्या सह्या गोळा केल्या. किल्ल्या बनवणाऱ्यानं हातातली कानस खाली ठेवून सही केली. शिलाईवालीला लिहिता येत नव्हतं. बाईंनी स्वतः तिचा अंगठा शाईत बुडवला. कोणीही काही विचारलं नाही.

शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा सकाळीच ट्रक आले आणि टपऱ्या उचलायला लागले. बाई पोचल्या तेव्हा शिलाईवाली मशीनला मिठी मारून रस्त्यात बसली होती. किल्लीवाल्यानं ट्रकबरोबरच्या साहेबाकडून मिळालेली कागदाची नक्कल बाईंपुढे धरली. पहिल्या पानावर पासचा अर्ज होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की आम्ही राजीखुशीनं जागा कायमची सोडत आहोत. सही त्याच्या खाली होती.

“बाई, मी कागद बघितला नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला बघितलं आणि सही केली.”

त्यानं आवाज चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

तिथून त्या तडक भाच्याच्या कार्यालयात गेल्या. त्यानं खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बाई बसल्या नाहीत.

“तुला माहीत होतं?”

त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. “मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं, मावशी. तिथं दुसऱ्या कोणाला दारात उभंसुद्धा केलं नसतं. तुझं ऐकतात, म्हणून तर तुझं नाव सुचवलं.”

हे तो जवळजवळ कौतुकानं म्हणाला. बाईंनी पिशवीतून जाकीट काढलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि त्या निघाल्या.

मग त्या एकतीसही जणांच्या घरी गेल्या. कागदात काय होतं आणि आपण ते न वाचता कसं आणलं, हे प्रत्येकाला सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. फुलवालीनं बोलणं पुरं व्हायच्या आत दार लावून घेतलं. शर्यतीच्या दिवशी बाई त्या लोकांबरोबर रस्त्याकडेला उभारलेल्या पत्र्याच्या आडोशामागे उभ्या राहिल्या. पलीकडून सायकली सुसाट गेल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिनिटभरात सगळं आटोपलं.

पुढे टपरीवाल्यांनी केलेल्या तक्रारीची सुनावणी झाली. बाईंनी साक्ष दिली आणि भाच्याचं नाव घेतलं. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही शिकलेल्या, मग वाचलं का नाही. बाई म्हणाल्या, चष्मा राहू दिला. वर्षानंतर एकोणीस जणांना जागा मिळाली, पण कालव्याच्या पलीकडे, जिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. शिलाईवाली मशीन विकून लेकीकडे राहायला गेली. किल्लीवाला अजून बाईंना नमस्कार करतो, पण पूर्वीसारखा स्टूल पुढे सरकवत नाही.

भाच्याची नोकरी टिकली. दर रविवारी तो फोन करतो, तब्येत विचारतो. बाई सांगतात, बरी आहे. राग केव्हाच गेला असं त्या म्हणतात, आणि ते खरंही असावं. पण ‘जेवायला ये’ एवढं त्यांच्या तोंडून अजून निघत नाही.